गेनूने सोडलेली दोन पावलं जागा

गेनू गेला तो सकाळी आठच्या सुमाराला, कांद्याच्या चाळीसमोर. मला ते कळलं देवळाच्या भोंग्यावरून. आमची घरं तीनशे दहा पावलांवर आहेत, मी मोजलेली आहेत. पण त्याच्या घरातून माझ्याकडे निरोप यायची रीत अकरा वर्षांपूर्वीच बंद झाली होती. गेनू म्हणजे ज्ञानदेव, माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. पोरीबाळी गावोगावाहून यायच्या होत्या म्हणून दुपारी दोनला ओढ्याकाठी उरकलं. भावकीतला माणूस, जावंच लागतं, गेलो. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी लोकांकडे, कोण कुणाच्या कानाशी लागतंय ते. घरी येऊन आंघोळ केली आणि चार वाजता, केस ओले असतानाच, कॉम्प्युटर लावून बसलो. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, आज तरी…" तिचंही बरोबर होतं. पण मला एक गोष्ट तपासून बघायची होती.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक जग आहे. आम्ही तरुणपणी पाहिलेल्या एका परदेशी विज्ञानमालिकेवर बेतलेलं. अवकाशात तरंगणारं भलंमोठं स्टेशन, त्यात देशोदेशीची माणसं आपापलं सोंग घेऊन हिंडतात, बोलतात, घरं थाटतात. तिथे माझ्या शेजारी एक निळ्या कातडीचा, उंच कपाळाचा गृहस्थ राहायचा. रोज चारला यायचा. दोन वर्षं मला त्याचा संशय होता. त्या दिवशी तो आला असता, तर माझा संशय खोटा ठरला असता. साडेचार झाले, पाच झाले… मी चहा तसाच गार होऊ दिला. तो आला नाही.

संशय हा माझा धंदाच होता म्हणा ना. घोडेगावला मोजणी खात्यात माझी नोकरी झाली. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या. शेजारी शेजाऱ्याबद्दल जे जे सांगतो ते आधी खोटं धरायचं आणि मग टेप टाकायचा, ही सवय हाडात मुरली. डॉक्टरने दिलेली गोळी मी दुसऱ्या दुकानात दाखवून घेतो. लेण्याद्रीच्या पायऱ्या किती हे लोक सांगतात, ते मी दोनदा मोजून आलो आहे. माझी बायको म्हणते, देवळात चप्पल काढताना तुम्ही देवाकडेसुद्धा संशयाने बघता.

गेनू अगदी उलटा. विश्वास टाकून मोकळा होणारा. अकरावी-बारावीच्या वयात आम्ही ती मालिका पोस्टमास्तरांच्या घरी बघायचो, गावातला तेवढाच टीव्ही. परग्रहावरची माणसं शुद्ध हिंदीत भांडायची आणि आम्ही ओसरीत दाटीवाटीने बसून ते खरं मानायचो. भाग संपला की आम्ही दोघं खळ्यावर चुन्याने त्या जहाजाचा नकाशा काढायचो. दोरी धरून रेघा मी मारायचो, चुना गेनू टाकायचा. मग त्यात उभं राहून तो मला म्हणायचा, "शिवा, आता सांग, कुठं जायाचं?" मी म्हणायचो, आधी दार नीट लाव. तेव्हाचं आठवलं की अजून हसू येतं.

मग संसार, नोकरी. माझं रान वाटेकरी करायचा. आळ्याहून निमगाव सावाकडे जाताना कालव्याखाली आमची रानं लागून आहेत, मधे बांध. एकदा वाटेकरी म्हणाला, "साहेब, गेनूभाऊचा ट्रॅक्टर दर साली बांध खातोय." मी जाऊन बघितलं. नुसत्या डोळ्यांनी. तीस वर्षं हद्दी बघितलेला डोळा, त्याला टेप कशाला लागतो? बांध सरकलाय हे दिसतच होतं. पुढच्याच आठवड्यात भावकीत साखरपुडा होता. पंगत बसली होती आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "गेनू, माझं रान खाऊन पोट भरलं नाही का, की इथेही जेवायला बसलास?" त्याने हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे बघितलं. हात धुतला आणि चालायला लागला. त्या दिवसापासून अबोला. लग्नकार्यात तो सकाळी जायचा आणि मी दुपारी. बांधावर तो दिसला की मी पाठ फिरवायचो, आणि पाठ फिरवल्यावरही तो काय करतोय याकडे कान असायचा.

निवृत्त झाल्यावर माझी मुलगी मनीषा पुण्याहून आली आणि तिने मला त्या अवकाशातल्या जगाची वाट दाखवली. "बाबा, तुमची ती मालिका. फुकट आहे." फुकट म्हटल्यावर मी सावध झालो. फुकट कोण काय देतं? मी खोटी जन्मतारीख टाकली, खोटं नाव टाकलं, आणि पहिले चार दिवस कोपऱ्यात उभा राहून कोण कुठे जातंय ते बघितलं. मग मात्र रमलो. मालिकेतला तो गोल जिना, तो लाल दिव्यांचा बोळ, सगळं होतं तसं. फुकट येणाऱ्याला एक खोली आणि खोलीपुढे काचेच्या घुमटाखाली वाफ्याएवढी बाग मिळायची. पैसे भरणाऱ्यांना मोठे मजले. आम्ही फुकटे खालच्या अंगाला.

मोठ्या चौकात जो भेटेल त्याला मी विचारायचो, कोणत्या गावचे? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून. बहुतेक जण कळत नाही म्हणून निघून जायचे. एके दिवशी हा निळा थांबला. म्हणाला, "लांबचा हाय. हितं गाव इचारायचं नसतं, पावणं." पावणं हा शब्द वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या शेजारची रिकामी खोली त्याने घेतलेली.

आता सांगा, हजारो खोल्यांत हीच का? मी त्याच्यावर पाळत ठेवली. त्याने बागेत काय लावलं, किती लावलं, सगळं बघत होतो. तिथे जमिनीच्या चौकटी आखलेल्या असतात, आपल्या हद्दीपर्यंत आपण काहीही लावू शकतो. बाकी सगळ्यांनी काठोकाठ लावलं होतं, मीही. या गृहस्थाने माझ्या बाजूने दोन पावलं जागा कोरी सोडली होती. झाड नाही, कुंडी नाही, काही नाही. मी तीन महिने वाट बघितली. कधीतरी तो त्यात काहीतरी लावेल आणि हळूच माझ्याकडे सरकेल. नोकरीत मी एवढी माणसं बघितली, स्वतःच्या हद्दीतली जागा शेजाऱ्याच्या बाजूने सोडणारा एकही बघितला नव्हता. शेवटी विचारलंच, की ही जागा का सोडली? तो म्हणाला, "असू दे. वारं खेळतं." काचेच्या घुमटात कसलं आलंय वारं!

तरी आम्ही बोलत राहिलो. रोज चार ते पाच. गुडघे, साखर, बिबट्याने कुणाचं वासरू नेलं, मालिकेच्या शेवटी ते जहाज खरंच परत फिरलं होतं का. तो गावाचं नाव घ्यायचा नाही, मीही घ्यायचो नाही. एवढं सगळं ओळखीचं असताना मी छडा लावला नाही, हे माझ्या स्वभावात बसत नाही. आयुष्यात जो एकच संशय मी तपासला नाही, तो हा. तपासला असता आणि खरा निघाला असता, तर मला बोलणं बंद करावं लागलं असतं. गेनूशी बोलणार नाही असा भावकीत शब्द दिलेला होता ना.

एकदा तोच म्हणाला, "मला एक भाऊ हाये. बोलत न्हाई."

"का?"

"त्याला वाटतं मी त्याचं रान खाल्लं."

मग विचारलं, "खाल्लं का?"

त्याच्याकडून नुसते ठिपके येत होते, तो लिहीत होता आणि पुसत होता. मग आलं, "मोजून बघ म्हनावं त्याला."

मी लिहिलं, "त्याला गरज वाटत नसेल." आणि कॉम्प्युटर बंद केला. पुढचे तीन दिवस मी गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो तर तो बागेत उभा होता. म्हणाला, "गुडघा काय म्हनतोय?" मी म्हणालो, बरा आहे. संपला विषय. तो संपवला नसता तर… पण ते आता लिहून काय उपयोग.

तेराव्यानंतर वहिनींचा निरोप आला. अकरा वर्षांनी त्या घराची पायरी चढलो. वहिनींनी चहा ठेवला, आणि कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणली. आत मोजणीचा नकाशा होता. सरकारी नव्हता. सरकारी असता तर शेजारी म्हणून मला नोटीस आली असती, हे माझ्या लगेच लक्षात आलं. खाजगी माणसाकडून करवलेला. चार वर्षांपूर्वीचा, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी महिनाभर पुण्याला मुलीकडे होतो, तेव्हाचा.

"भावजी, ह्ये म्हनले व्हते, मी हाये तवर शिवाला दाखवू नको," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या वाटेकऱ्यानं आमच्यात बांध सारलाय. खालच्या टोकाला चार फूट. मी म्हनलं, जा, त्यांच्या तोंडावर टाका कागद. तर म्हनले, साऱ्या तालुक्याच्या हद्दी मोजल्या त्यानं, आन त्याचीच हद्द चुकली असं लोक म्हनत्याल. त्याला लई लागल. ऱ्हाऊ दे."

मी नकाशा बघत होतो. वर बघायची हिंमत नव्हती. विचारलं, "आणि ते कॉम्प्युटरवरचं?"

"ते व्हय? तुमच्या मनीनंच ह्यांना लावून दिलं. तुमचं सोंग कंचं ते काय तिनं सांगितलं न्हाई. पन पयल्याच दिशी ह्ये हसत हसत भाईर आले. म्हनले, अगं, आभाळात बी येक जन गाव इचारत फिरतोय. आपला शिवा हाये." वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "चार वाजले का मानूस रानातून धावत यायाचं, भावजी. चप्पल काढायचं भान नसायचं."

मनीषाला फोन केला, रागावूनच. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं आणखी कुठे भेटणार होतात?"

एवढं होऊनही माझा स्वभाव गेला नाही, हे लिहायला लाज वाटते. खाजगी माणसाच्या नकाशावर विश्वास ठेवायचा कसा? दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना टेप घेऊन रानात गेलो. ओढ्याकाठचा जुना हद्दीचा दगड धरला, कालव्याकडचा धरला, आणि नोकरीत शेकडो वेळा केलं तेच पहिल्यांदा स्वतःच्या रानात केलं. दोनदा मोजलं. नकाशात चार फूट होते, माझ्या टेपवर साडेचार भरले. गेनूच्या माणसाने अर्धा फूट मलाच सोडला होता. मी बांधावर बसलो आणि मोठ्याने रडलो. पलीकडच्या उसात खुरपणाऱ्या बाया उठून बघायला लागल्या, तरी थांबता आलं नाही.

बांध मागे घेतला. वहिनी नको म्हणत होत्या, गावाला कळेल म्हणून. गेनूने चार वर्षं जे कपाटात झाकून ठेवलं, ते झाकलेलंच राहावं असं त्यांना अजूनही वाटतं. पण पंगतीत शंभर माणसांसमोर जे बोललो ते गुपचूप बांध सरकवून परत कसं घेणार? म्हणून हे इथे, तालुक्यात घरोघर जाणाऱ्या पुरवणीत लिहितो आहे. बांध गेनूने खाल्ला नव्हता. माझ्या रानाने त्याचा खाल्ला होता, आणि ते माहीत असून तो दोन वर्षं रोज चारला माझ्या गुडघ्याची चौकशी करत होता.

चार वाजता मी अजून जातो. निळा नाही, पण त्याची खोली आहे, बाग आहे. आमच्यामधली ती दोन पावलं कोरी जागाही तशीच आहे. ती त्याने मला टोचावी म्हणून सोडली होती की मला कळावं म्हणून, हा संशय माझ्या मनातून जात नाही, आणि तो कुठल्या टेपने मोजता येत नाही. गेल्या आठवड्यात मी माझ्या कडेची झाडं उपटली. माझ्या बाजूनेही दोन पावलं सोडली. आता मधे वाट झाली आहे, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी.