‘बघू’ नावाचा डबा

तिला फोन वाजला की भीती वाटायची, आणि वाजला नाही की त्याहून जास्त. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती, हिशेबाचं काम शोधत होती, आणि जाईल तिथं एकच प्रश्न: अनुभव किती? अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होईना आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, त्यातली गत.

वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं, "या महिन्यात काम लागलं तर पुढची फी भर. नाहीतर कॉलेज पुरे, आत्या जाते त्या कारखान्यात पॅकिंगला लाग." आत्याची बोटं तिनं पाहिली होती. चिकटपट्टी ओढून ओढून पेरं सोलून निघालेली.

शेवटी मामा मदतीला धावला. मामाचं रंगाचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. "लिही की अर्जात, मामाच्या दुकानात वर्षभर हिशेब सांभाळला म्हणून. कोण विचारतंय?"

"आणि विचारलं तर?"

"तर मी आहे ना!"

खरी धास्ती तीच होती. आणि झालंही तसंच. एका कर सल्लागारानं तिला मुलाखतीला बोलावलं, अर्ज वाचला आणि तिच्यासमोरच मामाला फोन लावून स्पीकर चालू केला. मामाला चेवच चढला. "आमची भाची ना? अहो, खरेदी, विक्री, कर, सगळं तीच बघते! तिच्यामुळं माझा कर निम्म्यावर आला!"

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी शांतपणे फोन ठेवला. "छान. सोमवारी मामांना आणि त्यांचा गेल्या वर्षीचा हिशेब घेऊन या. काम बघतो, मग ठरवू."

तिनं हे दुकानात येऊन सांगितलं तेव्हा रंग विकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मामा तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथं रंगाचे तीन जुने डबे होते. पांढऱ्या डब्यात विक्रीच्या पावत्या, निळ्यात खरेदीच्या. तिसऱ्यावर मामानं ब्रशनं लिहिलं होतं, ‘बघू’. त्यात सरकारी पाकिटं होती, एकही न फोडलेलं. आलं पाकीट की टाक डब्यात आणि लाव झाकण, हीच मामाची हिशेबाची पद्धत.

"वह्या कुठायत?" तिनं विचारलं.

"हेच आहे सगळं," मामा कुजबुजला. "तुझ्या मामीलासुद्धा माहीत नाही. पाकीट फोडायची हिंमतच होत नाही गं."

घरभर हसवत फिरणारा हा माणूस इतका घाबरलेला असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. "राहू दे मामा, नाही जायचं आपण."

"आणि तू चिकटपट्ट्या ओढत बसणार? चल!"

सोमवारी सरांच्या चकचकीत टेबलाशेजारी ते तीन डबे उभे राहिले. सरांनी वाकून एकेका डब्यात पाहिलं. "हे तुमच्या भाचीनं केलंय?"

"सगळं हिनंच," मामा म्हणाला. जीव ओतून म्हणाला.

गप्प बसली तर हा सगळा गोंधळ तिच्या नावावर, बोलली तर मामा उघडा पडणार. "नाही सर. मी काहीच केलेलं नाही. मामा खोटं बोलला आणि मीही खोटं लिहिलं."

सर चिडले नाहीत. त्यानंच ती जास्त घाबरली. "ते मला फोनवरच कळलं होतं. ज्याचा कर असा बोलता बोलता निम्मा होतो, त्याच्याकडे वह्या नसतात. मामा, डबे ठेवून जा. काम मोठं आहे, फीसुद्धा मोठी होईल."

"आणि हिच्या नोकरीचं?"

"आमच्याकडे अनुभवी माणूसच लागतो हो."

म्हणजे नोकरी नव्हतीच. तो गळ होता आणि मामा मासा. तिला रडू आलं, पण मामा उठला होता. मोठ्या खुर्चीतल्या माणसाशी आयुष्यात कधी मान वर करून न बोललेल्या मामानं दोन डबे उचलले आणि तिसरा तिला उचलायला लावला.

"विचार करा," सर म्हणाले. "हे बाहेर कुणाला कळलं तर अवघड होईल तुमचं."

मामानं दोन्ही डबे घट्ट धरले आणि दार पायानंच ढकललं.

एक जिना उतरल्यावर मात्र तो पायरीवरच बसला. "त्याला द्यायची ती फी तुला देतो. तुझं कॉलेज निघेल त्यात. तूच कर हे."

"मला येत नाही मामा. पुस्तकात सगळं आधीच मांडून दिलेलं असतं."

"शीक मग."

"चुकलं तर दुकान जाईल तुझं!"

मामानं ‘बघू’च्या डब्याचं झाकण उचकटलं, वरचं पाकीट तिच्या हातात दिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "आधी हे फोड. माझ्यानं होत नाही."

तिनं कडेखाली नख घातलं. कागद वाकडातिकडा फाटला. आतला मजकूर पानभर होता आणि खाली शिक्का.

"वाचू?"

मामानं न बघताच चाचपडत तिचं मनगट धरलं. "वाच," तो म्हणाला. "पण हळू."