सावलीतली एल्फ

काल सासूबाईंनी माझ्या मुलीच्या चेहऱ्यासाठी डाळीच्या पिठात हळद-दही कालवलं, आणि त्या वासाने मला नव्वदच्या दशकातली ठाकुर्लीची एक दुपार आठवली. मे महिन्याची सुट्टी होती. मैत्रिणीचा अमेरिकेहून आलेला दादा आम्हा चौघींना एक खेळ शिकवत होता. प्रत्येकीने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. फरशी गार होती, पंखा कुरकुरत होता. मैत्रिणीने लगेच सोनेरी केसांची राजकन्या घेतली. मग दादाने टोकदार कानांच्या, कोळशासारख्या काळ्या एल्फचं, म्हणजे परीकथेतल्या एका जादुई जमातीतल्या मुलीचं, चित्र दाखवलं. "ही सावलीत उभी राहिली की कुणालाच दिसत नाही." "मग मी हीच," मी म्हटलं. खेळात पुढे राक्षसाने बाकीच्या तिघींना कोंडलं. मी भिंतीला चिकटून त्याच्या मागे गेले आणि किल्ली पळवली. "ही काळी नसती ना, तर आपण मेलेलो!" मैत्रीण आनंदाने ओरडली. संध्याकाळी घरी मावशी नेहमीसारखी लेपाची वाटी घेऊन बसलेली. "ये गं, जरा उजळशील." "नको मावशी, मग मी दिसेन," म्हणून मी आत निघून गेले. काल सासूबाईंच्या त्या पिठात मात्र मी कांदा चिरून घातला आणि भजी तळली.