मागच्या खोलीत जायचं नाही

मुखेडला बस स्टँडजवळच्या गाळ्यात मी अकरा वर्षं ब्लाऊज शिवत होते. गाळ्याच्या मालकांना मी काका म्हणायची. माझ्या मुलीच्या बारशालाही ते आले होते. एका दुपारी उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, हा गाळा मेडिकलवाल्याला द्यायलोय. महिनाभरात तुम्ही मागच्या खोलीत जावा."

मागची खोली म्हणजे अंधाऱ्या बोळाच्या टोकाचं गोदाम. तिथं मापं द्यायला कोण येणार? घरी नवरा म्हणाला, "जागा त्यांची. आपण काय बोलणार?" मलाही तसंच वाटत होतं. भाडेकरार पेटीत होता. सही केल्यापासून तो उघडलाही नव्हता.

माझ्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी करार दोनदा वाचला. "अजून दोन वर्षं मुदत आहे. तुम्हाला हलवायचा अधिकार मालकाला यात कुठंच नाही. हलायचं तर तुमच्या मर्जीनं, आणि अटी लेखी."

आपण नाही म्हणू शकतो, हे मला तेव्हा कळलं. वकिली नोटीस नको, असं मी बाईंना सांगितलं. मुदतीआधी हलणार नाही, असं साधं पत्र लिहून मीच काकांच्या घरी नेलं.

ते वाचून त्यांचा चेहरा उतरला. "वकिलाकडं गेलात? आपलं घरच्यासारखं होतं की!"

मी म्हणाले, "घरच्यासारखं आहे म्हणूनच लिहून ठेवू, काका. आपल्यात भांडण नको. एकदा ती खोली माझ्यासंगं बघा."

पाचव्या दिवशी काका स्वतःच खोली बघायला आले. बोळात शिरलो, तर भिंतीला हात लावत चालावं लागलं. दारापाशी थांबून ते म्हणाले, "न्हाई. इथं बाईमाणसं येणार न्हाईत."

बाजाराच्या रस्त्याला त्यांचा दुसरा गाळा होता; त्यात सिमेंटची पोती पडलेली. तो त्यांनी रिकामा करून दिला. तेवढीच जागा, दर्शनी बोर्ड, पाच वर्षांचा नवा करार, आणि नवा गाळा तयार होईपर्यंत जुन्यातच काम. सगळं स्टॅम्पपेपरवर आलं. माझ्या मशिनी त्यांच्याच ट्रॅक्टरमधून गेल्या.

पहिल्याच आठवडी बाजारात खेड्यातल्या तीन बायका आत आल्या. "रस्त्यावरनंच दिसलात, बरं झालं!"

पुढं काही दिवसांनी समोरच्या ओळीतला मोबाईल दुरुस्तीवाला त्याच्या भाडेकराराचा कागद घेऊन दारात उभा राहिला. "ताई, मलाबी हलवायलेत. यात काय लिवलंय, बघता का?"

मी कात्री बाजूला ठेवली आणि त्याला स्टूल दिलं.