गोठ्याच्या भिंतीची माती

१८ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात. शेजारची सुमन गोठ्याची जुनी मातीची भिंत पाडून ती माती दुधीच्या वाफ्यात घालत होती. तिची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे.

"ती माती तिथे नको," मी म्हणालो. "त्या भिंतीवर आम्ही वर्षानुवर्षे डीडीटी फवारले आहे."

"अण्णा, त्याला जमाना झाला. औषध काय तुमच्यासारखं हट्टी असतं?"

"माझ्याहून अधिक."

हिवतापाच्या फवारणीवर मी नोकरी केली. औषधाचा पांढरा थर टिकावा म्हणून ‘भिंती सारवू नका’ असे घरोघर बजावत असू. टिकणे हाच त्याचा गुण होता आणि त्या गुणामुळे या वस्तीतली माणसे तापातून वाचली. परंतु काम संपले, हे त्याला कोणी सांगावे? ऊन-पाऊस न लागलेल्या मातीत ते फार सावकाश विघटित होते. त्यातून जे उरते, तेही सहजी नष्ट होत नाही. मातीतून ते अन्नात जाते, अन्नातून शरीराच्या चरबीत साठते आणि अखेर आईच्या दुधात उतरते. उपकार करणाऱ्यालाही वेळेवर निघता आले पाहिजे.

सुमनने ओसरीवर बसलेल्या लेकीकडे पाहिले.

"मग टाकू कुठे ही?"

"तू बांधते आहेस त्या नव्या खोलीच्या जोत्यात. वरून फरशी येईल."

ती वाफा उपसू लागली. दुपारपर्यंत तिथे नुसता खड्डा उरला.

संध्याकाळी मी माझ्या परसातली माती पाट्या भरून नेली आणि तो खड्डा बुजवला.