मेतोदीचं अर्धं वाक्य

बल्गेरियातल्या रुसेच्या बंदरावर क्रेन चालवण्यात आयुष्य घालवलेला मेतोदी बोलायला बसला की डॅन्यूब नदीनेही थांबून ऐकावं, असं त्याचे दोस्त म्हणायचे. गोष्ट पहिल्या घोटाबरोबर सुरू व्हायची आणि बाटली संपली तरी मुद्द्यावर यायची नाही. अशा माणसाचीच जीभ आजाराने न्यावी! आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. उरले फक्त डोळे, आणि तेही फार दिवस साथ देणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मुलीला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं.

मुलगी इस्क्रा प्रोग्रॅमर. दवाखान्यात नर्सबाई पुठ्ठ्यावर एकेक अक्षर दाखवायच्या आणि हवं ते अक्षर आलं की मेतोदी पापणी मिटायचा. इस्क्राला ते बघवेना. तिने स्वतः प्रोग्रॅम लिहिला. कॅमेरा बापाची नजर टिपणार, पडद्यावर अक्षर उमटणार आणि वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने म्हणणार. बापाला घरी आणलं त्या दिवशी तिने पुठ्ठा कचऱ्यात टाकला.

यंत्रातून मेतोदीचं पहिलं वाक्य आलं, "कार्टे, हा आवाज करवसुलीवाल्याचा आहे."

इस्क्रा हसता हसता रडली. शेजारच्या राद्काकाकू चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "घ्या! आता ह्याचं तोंड परत कोण बंद करणार?"

ते काम प्रोग्रॅमनेच केलं. एका दुपारी मेतोदीने लिहायला घेतलं, "तुझी आई गेली त्या दिवशी मी दवाखान्यात का आलो नाही, ते", आणि पडदा काळा झाला.

आईच्या उशाशी त्या दिवशी इस्क्रा एकटीच होती. बाप आला नाही. का आला नाही, हे तिने कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. जगातल्या सगळ्या गोष्टी सांगणारा माणूस या एका गोष्टीपाशी मुका होता, आणि तो आत्ता बोलणार होता.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "आधी हे नीट करते, मग निवांत सांगा. अर्धवट नको."

मेतोदी थांबला.

तिने शोध सुरू केला. प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या मेमरीत आपल्यापुरती जागा मागून घेतो. चुकून शेजाऱ्याच्या जागेत लिहिलं, तर शेजारी लगेच बोंब मारत नाही. तो पुढे कधीतरी आपली वस्तू घ्यायला जातो, तिथे भलतंच सापडतं आणि तेव्हा सगळं कोसळतं. त्यामुळे इस्क्रा जिथे कोसळलं तिथे बघायची, तर तिथला कोड निरपराध. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच तो प्रकार. असली चूक जागच्या जागी पकडणारं एक हत्यार होतं, पण ते लावलं की प्रोग्रॅम इतका रखडायचा की कॅमेऱ्याला बापाची नजर गवसायची नाही. म्हणून ती आपल्या टेबलाशी बसून, हत्यार लावून, लांबच लांब वाक्यं स्वतः टाइप करायची. सगळं बिनचूक चालायचं. खाटेशी नेलं की पुन्हा मरायचं.

मेतोदीने आणखी काही वेळा तेच वाक्य सुरू केलं. दर वेळी पडदा गेला, दर वेळी ती म्हणाली, "उद्या नक्की, बाबा." छोटे शब्द तेवढे नीट उमटायचे. "पाणी." "खिडकी." मग एकदा आलं, "पुठ्ठा."

"पुठ्ठा कशाला? मी आहे ना!" इस्क्रा जवळजवळ ओरडलीच. आपण बनवलेलं यंत्र असताना बापाने पुठ्ठा मागावा, हे तिला झोंबलं. तिने ते मनावर घेतलं असतं तर! पण माणसाला आपल्या विद्येची घमेंड असते, आणि ती नेमकी नको तिथे डोकं वर काढते.

हळूहळू मेतोदीची नजर रेंगाळायला लागली. एके सकाळी डोळे हलेनासेच झाले आणि कॅमेऱ्याला ती सापडलीच नाही.

तरी इस्क्रा टेबलाशी बसतच राहिली. दुसरं काय करावं हे तिला कळत नव्हतं. त्या दुपारी राद्काकाकू सूप घेऊन आल्या. "मला लिहू दे त्याला दोन शब्द, यंत्र म्हणेल मोठ्याने. ऐकू तर येतंय ना?" म्हणून त्यांनी कीबोर्ड ओढला आणि एका बोटाने टमाट्यांना लागलेल्या किडीची अख्खी कहाणी टाइप करायला घेतली. कहाणी अर्ध्यावर आली आणि हत्यार एकदम बोंबललं. ओळीच्या नंबरासकट.

"अगं बाई, मोडलं का काय?" काकू घाबरल्या.

इस्क्रा पडद्याकडे बघत राहिली. काकूंनी बल्गेरियन अक्षरांत लिहिलं होतं, बाप नजरेने उमटवायचा त्याच अक्षरांत. ती स्वतः, सगळी प्रोग्रॅमर मंडळी लिहितात तशी, लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या, अक्षरांत टाइप करत आली होती. लॅटिनचं अक्षर मेमरीत एक घर घेतं, आपलं अक्षर दोन. तिने अक्षरं मोजून तेवढीच घरं ठेवली होती. छोटा शब्द कसाबसा मावायचा. लांब वाक्य शेजाऱ्याच्या अंगणात सांडायचं.

बाप तिचे मेसेज बघून किती वेळा कडाडला होता! "ज्याचं नाव मला ठेवलंय त्या संताने भावाबरोबर झिजून आपल्याला अक्षरं दिली, आणि तू परक्या अक्षरांत लिहितेस? लाज नाही वाटत?"

"बोटांना सवय झालीय, बाबा."

"मग बोटं तोड!"

तिने जागा दुप्पट केली. एका ओळीचं काम. बापाचं अर्धं वाक्य त्याच्याच अक्षरांत टाकून पाहिलं. यंत्राने ते त्या करवसुलीवाल्याच्या आवाजात म्हटलं, "तुझी आई गेली त्या दिवशी मी दवाखान्यात का आलो नाही, ते". आणि पुढच्या अक्षराची वाट बघत ते चालू राहिलं. ते आता काही केल्या बंद पडत नव्हतं.

इस्क्राने बुटांचं खोकं फाडलं, जाड पेनने त्यावर बल्गेरियन अक्षरं काढली आणि ती खाटेशी बसली.

"बाबा, सांगा. हवं ते आलं की पापणी मिटा. अ?"

मेतोदीचे डोळे उघडे होते, छताकडे.

"ब? व?"

राद्काकाकू दारात उभ्या होत्या. सूप निवलं होतं. इस्क्राचं बोट शेवटच्या अक्षरावर पोचलं. पापणी हलली नाही.

"बरं," ती म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून. अ?"