टाकीच्या पलीकडची बाई

माझी आत्या एकतीस वर्षं इस्पितळात डायलिसिसच्या यंत्रांवर कामाला होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त ज्या पाण्याच्या जोरावर साफ होतं, ते पाणी जमवणं हे तिचं काम. किती शुद्ध, किती खारं, किती कोमट. एकात चूक झाली तर खुर्चीतला माणूस जिवंत उठायचा नाही. तिच्या पाळीत कधीच चूक झाली नाही. हे ती बढाई म्हणून सांगत नसे, नुसती माहिती म्हणून सांगे, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच राग येई.

निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल तर ती आत्या कसली. तिने दिवाणखान्यातला सोफा काढून टाकला आणि तिथे सहा फुटांची काचेची टाकी आणून समुद्री मासे पाळले. तिने लग्न केलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, म्हणायचे, "एक नवरा सांभाळायला नको झाला, आणि आता माशांची उस्तवार करते!" आत्या म्हणायची, "मासे उलट बोलत नाहीत."

त्या टाकीची राणी म्हणजे टँग जातीची एक मासोळी. तळहाताएवढी, चपटी, पिवळीधमक. शेपटीच्या मुळाशी तिला एक पांढरा काटा, वस्तऱ्यासारखा. रागावली की तो काटा उभारून अंग आडवं करायची आणि समोरच्याला फाडायला निघायची. आत्याने तिचं नाव ठेवलं मेट्रन. इस्पितळातली मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य, अशीच होती म्हणे.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक मारून माझं डोकं तापलेलं असतं. म्हणून दर बुधवारी चार वाजता आत्याकडे चहाला जाणं मला बरं वाटायचं. चार ही मेट्रनच्या जेवणाची वेळ. आत्या टाकीच्या उजव्या टोकाला स्टुलावर बसायची, वाळवलेल्या शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा चिमट्यात धरून काचेला आतून लावायची, आणि मेट्रन टोकापासून टोकापर्यंत धावत यायची. मग वही. तारीख, पाण्याची उष्णता, खारेपणा, काय घातलं, किती घातलं. कोपऱ्यात दोन पिंपं होती, निळ्यात साधं पाणी आणि पांढऱ्यात खारं. "टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं," ती मला पन्नासाव्यांदा सांगायची. "म्हणून रोज भरायचं ते साधं पाणी. रोज खारं भरलं की मासे गेलेच म्हणून समज."

अकरा वर्षं मेट्रनने एकटीने राज्य केलं. मागच्या वर्षी आत्याने माशांच्या दुकानातल्या टकलूकडून एक लहान निळा टँग आणला. त्याचं नाव शिकाऊ. मेट्रन त्याला पाण्यात पाहू लागली, आणि दुसरं कुठे पाहणार म्हणा. दोन दिवसांत शिकाऊच्या अंगावर तीन चिरा पडल्या.

टकलूने तोडगा सांगितला. "डाव्या टोकाच्या काचेला बाहेरून आरसा चिकटवा. जुनी मेट्रन आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसेल, तोवर नवा रुळेल."

आत्याने न्हाणीघरातला आरसा काढून चिकटपट्टीने तिथे लावला. मेट्रन तीन दिवस आरशातल्या पिवळ्या माशावर काटा परजून तुटून पडत होती. चौथ्या दिवशी थांबली. शिकाऊ रुळला. आरसा काढायचा राहून गेला.

पुढे कधीतरी एका बुधवारी मी चहाचे कप घेऊन बाहेर आले, तर आत्या स्टुलावर बसून टाकीतून आरपार बघत होती.

"ही बाई कोण गं?" तिने हळूच विचारलं.

"कोणती बाई?"

"पलीकडे बसलीये ती. रोज चार वाजता येते. बोलत काही नाही."

मी वाकून पाहिलं. सहा फूट पाणी, मध्ये खडक, आणि पार शेवटी आरशात आत्याचा चेहरा, हिरवट, पाण्याबरोबर किंचित हलणारा.

"आत्या, तो आरसा आहे. ती तूच आहेस."

"चेष्टा पुरे. आरसा आहे ते दिसतंय मला. तिच्या मागे तू उभी आहेस, हातात कप आहेत. तुला ओळखते ना मी. पण तुझ्यापुढे बसलीये ती कोण?"

मी हातातले कप खाली ठेवले.

डॉक्टर म्हणाले, विस्मरणाचा आजार आहे, सुरुवात आहे. काहींना यात सगळे ओळखू येतात, फक्त आरशातले आपण ओळखू येत नाही. बाबा तिला आपल्या घरी न्यायला निघाले. आत्या हटून बसली. "मासे इथे, तर मी इथे." बरं, वही चोख होती, पाणी काचेसारखं होतं, स्वयंपाकपाणी व्यवस्थित होतं. शेवटी तिघांत ठरलं, टाकी नीट आहे तोवर आत्या आपल्या घरात एकटी राहील. टाकी बिघडली की बाबांकडे. म्हणजे त्या दोन माशांच्या जिवावर तिचं घर उभं होतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मी शहाणपणा केला. त्याच दिवशी आरसा काढून टाकला. न दिसेल बाई, न होईल त्रास. हात झटकून मी आत्याकडे वळले. ती दाराकडे बघत होती.

"काढलास?" ती म्हणाली. "म्हणजे आता ती बाहेर आली."

त्यानंतर त्या घरात मला एकटीला बसवेना. तसं काहीच नव्हतं. चपला एकीच्याच, टॉवेल एकच. पण आत्या बोलता बोलता आवाज खाली आणायची, स्वयंपाकघराकडे खूण करायची. खुंटीवरची साडी तिला आपली वाटायची नाही. "तिची आहे, हात लावू नकोस." आणि मी, रोज वेड्यावाकड्या गाड्यांमध्ये बसणारी बाई, खरंच हात लावायची नाही.

मग मेट्रन बदलली. एका बुधवारी ती धावत आलीच नाही. खडकामागे दडून बसली होती, भर दिवसा रंग उडालेला, अंगावर पांढरा पट्टा. टँग झोपेत असे फिके पडतात. पण ही टक्क जागी होती.

"तिला कळतं," आत्या म्हणाली. "ती बाई आली की मेट्रन लपते."

खारेपणा मोजायची नळी मी स्वतः डोळ्याला लावली. आकडा भलताच चढला होता. वही उघडली. सकाळी आठची नोंद, आत्याच्या अक्षरात: साधं पाणी, दोन तांबे. त्याखाली दहाची नोंद: खारं पाणी, दोन तांबे. मग अकराची: खारं पाणी, दोन तांबे. मागची पानं पाहिली. नऊ दिवस हेच. शेवाळाच्या नोंदी दिवसाला पाच-पाच.

"बघितलंस?" आत्या माझ्या खांद्यावरून वाचत होती. "अक्षर हुबेहूब माझ्यासारखं काढते. पण काम येत नाही तिला. इतकं साधं काम येत नाही!"

तिच्या आवाजात जो तिरस्कार होता, तो एकतीस वर्षं चूक न केलेल्या माणसाचा होता. मला तिची भीती वाटली. आणि त्याच वेळी मला आत्याची इतकी दया आली, की मी वही मिटून छातीशी धरली, जणू तिने वाचलंच नव्हतं.

मला वाटलं होतं, आता ती माझ्या हातापाया पडेल, बाबांना सांगू नकोस म्हणेल. मी काय करायचं तेही ठरवलं नव्हतं. खोटं बोलले असते कदाचित.

आत्याने स्टुलावरून उठून साडीचा पदर खोचला. "मासे घेऊन जा," ती म्हणाली. "आजच."

"अगं, पण मग तुझं घर..."

"घराचं काय घेऊन बसलीस? माझ्या पाण्यावर आजवर कोणी मेलं नाही. तिच्या पाण्यावर मरतील."

पुढचा तासभर माझ्यासमोर जी आत्या होती, ती विशीतल्या शिकाऊंना धाकात ठेवणारी पाणीवाली सिस्टर होती. जाळं तिने मला घेऊच दिलं नाही. "काटा अडकतो जाळ्यात, शेपूट फाटतं. प्लॅस्टिकचा डबा घे, पाण्यातच पकड." दोघांना वेगवेगळ्या बादल्या. झाकणं. पाण्याचा खारेपणा एकदम उतरवायचा नाही, थोडाथोडा, दोन दिवसांत. हे तिने टकलूसाठी कागदावर लिहून दिलं. एकही चूक नव्हती त्यात.

दारात तिने माझं मनगट धरलं.

"कुठे नेणार ते तिला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"मलासुद्धा सांगू नकोस. मला माहीत झालं की ती माझ्याकडून काढून घेईल. मी कितीही विचारलं तरी सांगायचं नाही. शब्द दे."

हातात बादल्या होत्या, त्यांतलं पाणी हिंदकळत होतं. मी शब्द दिला.

मासे टकलूच्या दुकानातल्या एका टाकीत आहेत. विकायचे नाहीत अशी त्याने चिठ्ठीच लावलीय. मेट्रनचा रंग परत आला. शिकाऊच्या वाटेला ती जात नाही.

पुढच्या बुधवारी मी चार वाजता गेले. आत्याचं सामान बांधून झालं होतं, बाबा साडेपाचला गाडी घेऊन येणार होते. आत्या रिकाम्या टाकीपाशी स्टुलावर बसली होती, चिमट्यात शेवाळाचा पापुद्रा धरून.

"माझे मासे कुठे आहेत गं?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. तोच चेहरा, तेच हात, नखं बारीक कापलेली. एकतीस वर्षांत न चुकलेली बाई विचारतेय, की दहा वाजता खारं पाणी ओतणारी? मला ओळखता येईना. मला माझी सख्खी आत्या ओळखता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिचे डोळे भरून आले.

"अगं, मीच आहे," ती म्हणाली. "मीच आहे गं."

मी शब्द दिला होता. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळेपर्यंत बाहेर आले नाही.