साहेबांना काय कमी आहे

आईनं दिवसभर वळलेल्या बिड्या कारखान्याच्या खिडकीत चेकर हातात घ्यायचा. प्रत्येक जुडी उलटीपालटी करून मूठभर बिड्या बाजूला काढायचा. छाट. म्हणजे नापास माल, त्याची मजुरी नाही. पण छाट परत मिळायची नाही. ती कारखान्यातच राहायची आणि चांगल्या मालात मिसळून विकली जायची. सगळ्यांना माहीत होतं. आई एकदा म्हणाली, "खराब आहे तर परत द्या की." चेकरनं हातातली जुडी तिच्या तोंडावर फेकली. मी तिच्या पदराला धरून उभी होते. रांगेतल्या बायका नुसत्या पुढे सरकल्या.

वडील नव्हते. पत्र्याची एक खोली, तिच्यात भिजवलेल्या तेंदूच्या पानांचा वास. शाळेतून आले की मीही सूप मांडीवर घेऊन बसायची. वर्गातल्या मुली माझ्या डब्याला हात लावायच्या नाहीत. म्हणायच्या, हिच्या चपातीला बिडीचा वास येतो.

येत होता. खोटं कशाला बोलू.

मग कारखान्याचा मालक नगरपालिकेला उभा राहिला. सगळी गल्ली म्हणायला लागली, "ह्यालाच मत द्या. ह्याचं घर भरलेलं आहे. हा कशाला खाईल?" आईनंही त्यालाच दिलं. तो निवडून आला. खिडकीतली छाट वाढली. कारण आता तक्रार करायची, तर ती त्याच्याकडेच.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. राज्यशास्त्रात एम.ए. केलं. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आले, नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. परत जायचं तोंड नव्हतं. ओळखीनं एका खासदाराच्या बंगल्यावर कामाला लागले. पत्रं टाइप करणं, फोन घेणं, भाषणाचे मुद्दे काढणं. राहायला लक्ष्मीबाई नगरात, मंत्रालयातल्या एका मराठी अधिकाऱ्याच्या क्वार्टरमध्ये पेइंग गेस्ट. त्या नवरा-बायकोला मी काका-काकू म्हणायची. रविवारी सरोजिनी नगरच्या गर्दीत उगाच फिरायची. काही घ्यायचं नसायचं. नुसते माणसांचे धक्के लागावेत म्हणून.

साहेब श्रीमंत. जमिनी, कॉलेजं, साखर कारखाना. खासदारकीचा पगार ते घेत नसत, दान करत. त्या दानाचा फोटो दरवर्षी मीच सोशल मीडियावर टाकायची. खाली लोक लिहायचे, असा नेता हवा, साहेबांना काय कमी आहे.

बंगल्यामागच्या खोल्यांत मतदारसंघातले पेशंट उतरायचे. दिल्लीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवायला आलेले. परत जाताना तिकीट वेटिंगवर असलं तर खासदाराचं पत्र रेल्वेला जायचं, आणि राखीव कोट्यातून बर्थ मिळायचा. एका गाडीला आमचं एकच पत्र चालायचं. कुणाचं नाव घालायचं ते बंटीदादा सांगायचा. बंटीदादा म्हणजे साहेबांचा भाचा. त्याच्या मोबाइलवर नाव यायचं, तो मला वाचून दाखवायचा, मी टाइप करायची, साहेब सही करायचे.

एकदा मागच्या खोलीतली एक बाई माझ्या टेबलाशी आली. तिच्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, त्याला बसता येत नव्हतं. म्हणाली, "ताई, दवाखान्याच्या गेटजवळ एक एजंट आहे. म्हणतो, तुमच्या साहेबांचं पत्र पाहिजे तर माझ्याकडून घ्या. आणि पैसे सांगतो. गावात तर सांगितलं होतं इथं फुकट मिळतं."

मी तिला म्हटलं, "बसा."

त्या दिवशी बंटीदादानं सांगितलेलं नाव मी घातलं नाही. तिच्या नवऱ्याचं घातलं. साहेबांनी न बघताच सही केली. नवरा-बायको रात्रीच्या गाडीनं गेले. तो खालच्या बर्थवर झोपून गेला.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर पुण्याकडच्या एका कॉलेजची मुलं आली होती, अभ्यासदौऱ्यावर. दिवाणखान्यात साहेबांभोवती गोल करून बसलेली. मी चहाचं बघत दाराशी उभी. चष्मा लावलेल्या एका मुलीनं विचारलं, "सर, लोकप्रतिनिधींचा पगार वाढवला तर भ्रष्टाचार कमी होईल का?"

साहेब हसले. "बाळ, मी तर पगार घेतच नाही. ज्याला गरज, तो खातो. देवाच्या दयेनं मला कशाची गरज नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बंटीदादा आत आला. मागे दवाखान्याच्या गेटजवळचा तो एजंट. ज्याचं नाव मी घातलं नव्हतं, ते त्याचं गिऱ्हाईक आदल्या रात्री प्लॅटफॉर्मवरच राहिलं होतं आणि त्या गिऱ्हाइकानं स्टेशनवर आरडाओरडा केला होता, खासदाराच्या नावानं. बंटीदादा साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांचा चेहरा जरासा बदलला. मग पुन्हा हसरा झाला.

"इकडे ये गं," ते मला म्हणाले. "काय नाव सांगितलं होतं आणि काय टाइप केलंस?"

मी सांगितलं. पेशंटचं नाव घातलं, कारण पत्र पेशंटसाठी असतं. आणि हा माणूस ते बाहेर विकतो.

एजंट हात जोडून म्हणाला, "सर, नाम तो मैं मैडम को ही देता था. पैसा भी मैडम ही लेती थीं. बंटी भैया को तो कुछ पता ही नहीं."

साहेब माझ्याशी नाही, मुलांशी बोलले. "बघा. आत्ता विचारलंत ना? उदाहरण चालत आलं. मुलगी हुशार आहे, एम.ए. आहे. पण घरची परिस्थिती. आई बिडी कामगार. पोटाला नसलं की माणूस असाच हात मारतो. चूक हिची नाही, गरिबीची आहे. बंटी, पर्स बघ तिची."

बंटीदादानं माझी पर्स टीपॉयवर ओतली. डबा. मेट्रोचं कार्ड. कंगवा. सॅनिटरी पॅड. पोरं खाली बघायला लागली. माझ्याच वयाच्या आगेमागेची पोरं. माझ्यासारखंच राज्यशास्त्र शिकणारी. मी त्यांच्या वहीतला मुद्दा झाले होते.

"हात जोडून माफी माग," साहेब म्हणाले. "विषय संपला. नोकरी ठेवतो तुझी. आम्ही काही राक्षस नाही."

नोकरी गेली तर आईला काय सांगू, हे आलं मनात. आलंच. पण हात उठेनात.

मी म्हटलं, "साहेब, माझ्या आईची छाट खाणारा मालक उपाशी नव्हता. त्याचं घर भरलेलं होतं. माझी पर्स सगळ्यांनी बघितली. आता बंटीदादांचा मोबाइल ओता टीपॉयवर."

बंटीदादाचा हात खिशावर गेला. सगळ्यांनी बघितला.

साहेब म्हणाले, "चालती हो."

मी माझ्या वस्तू उचलल्या. पॅडसुद्धा, न लपवता. मुलांना घेऊन आलेले त्यांचे सर पोर्चपर्यंत मागे आले. हळूच म्हणाले, "बरोबर बोललीस बेटा. पण आमच्या कॉलेजला त्यांचीच ग्रँट आहे." आणि आत गेले.

क्वार्टरवर बातमी माझ्याआधी पोचली होती. काका म्हणाले, "यार, तू समजून घे. माझी सेंट्रलची नोकरी. उद्या वरून फोन आला तर? चलो, महिनाअखेरपर्यंत बघ दुसरीकडे." काकूंनी जेवायला वाढलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. एजंटनं पैसे मागितले हे सांगाल का, म्हणून त्या पेशंटच्या बायकोला फोन केला. रडत म्हणाली, "ताई, तुमचे उपकार आहेत. पण आम्हाला तपासणीला परत तिथंच उतरायचंय. आमचं नाव नका घेऊ." मी तिला दोष देत नाही. फोन ठेवला, तेव्हा त्या सबंध शहरात मला हाक मारणारं कुणी नव्हतं.

आता मयूर विहारला राहते. क्लासमध्ये राज्यशास्त्र शिकवते. मुलं तोच प्रश्न विचारतात, पगार वाढवावा का. मी सांगते, द्यावा, चांगला द्यावा. नाहीतर माझ्या आईसारखीनं निवडून येऊन खायचं काय? मग बंगलेवालेच उभे राहतील, आणि पगार नाकारून वर टाळ्या घेतील. पण पगारानं चोर सुधारेल, असं मी शिकवत नाही. भूक एका ताटात संपते. ह्यांचं खाणं भुकेचं नव्हतंच. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून ते खात होते.

म्हणून मी विचारलं. रेल्वेच्या दक्षता विभागात गेले आणि जबाब दिला. साहेबांचं, बंटीदादाचं, एजंटचं नाव घेऊन. माझ्या बाजूनं दुसरा साक्षीदार नाही. एजंटचा धंदा बंद झाला. साहेब अजून खासदार आहेत. मागे घे म्हणून फोन येतात, कधी गोड, कधी दुसऱ्या सुरात.

जबाब नोंदला गेला आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे. तो मी मागे घेणार नाही.